आधी जेव, मग ठरव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. अभ्यासाबद्दल तू चार पानं लिहिली आहेस आणि जेवणाबद्दल एकच ओळ: ‘एक डबा लावलाय, तोच सकाळ-संध्याकाळ पुरवतो, भागतं.’ मला त्या ओळीबद्दलच बोलायचं आहे.

वाचलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नाही, रूम पार्टनरशी क्षुल्लक कारणावरून वाजतं, अभ्यासिकेत सगळे पंखे लावून बसतात तेव्हा तुला एकट्याला हुडहुडी भरते, रात्री झोप लागत नाही, आणि आपल्यात ती कुवतच नाही असं वाटून गावी परत यावंसं वाटतं. हे तू ठिकठिकाणी वेगवेगळ्या तक्रारी म्हणून लिहिलंस. मी आयुष्यभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. मला तरी ते एकाच दुखण्याचं वर्णन वाटलं. गावी परतायचं की पुण्यात राहून मुख्य परीक्षेची तयारी करायची, हा निर्णय तुझा आहे आणि त्यात मी पडणार नाही. पण तो आत्ता, या पोटानं घेऊ नकोस. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते का, हे तुला नीट समजावं म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी हिशेब करू. डब्यात चार चपात्या, एक भाजी, वाटीभर आमटी आणि मूदभर भात. सगळं मिळून साधारण आठशे ते नऊशे कॅलरी. दिवसातून तीन चहा होतात, त्याच्या दोनेकशे धर. रात्री बिस्किटाचा एक छोटा पुडा. कितीही सढळ हातानं मांडलं तरी बेरीज तेराशेच्या वर जात नाही. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी, म्हणजे तेव्हा तीही नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली जे मापदंड दिले, त्यात बैठं काम करणाऱ्या 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला 2,110 कॅलरी लागतात असं धरलं आहे. तू 65 किलोचा नाहीस हे मान्य. तरी तुला हवं त्यापेक्षा बरंच कमी तू खातो आहेस, आणि तेही एखाददुसरा दिवस नाही, गेल्या पावसाळ्यापासून.

आता आत काय होतं ते सांगते. जेवल्यावर रक्तात साखर येते. लगेच लागते तेवढी वापरली जाते आणि उरलेल्यातली काही यकृत ग्लायकोजेनच्या रूपानं साठवून ठेवतं. यकृत म्हणजे घरातली कणगी समज; पण ही कणगी फार लहान आहे, शंभरेक ग्रॅमची. रात्रभराच्या झोपेत ती बरीचशी रिकामी होते. सकाळी तू नुसता चहा घेऊन अभ्यासिकेत जातोस तेव्हा ती जवळपास तळाला गेलेली असते. आणि गिऱ्हाईक कोण? मेंदू. त्याचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली जवळजवळ वीस टक्के तो एकटा घेतो. दिवसाला साधारण 120 ग्रॅम ग्लुकोज. त्याच्याकडे स्वतःचा म्हणावा असा साठा जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्याचा पुरवठा क्षणभरही तुटून चालत नाही.

म्हणून शरीर तो तुटू देत नाही. निरोगी माणसाची रक्तातली साखर एका वेळच्या उपाशी राहण्यानं सहसा धोक्याच्या खाली जात नाही. पण ती टिकवून धरायला शरीराला धडपड करावी लागते, आणि माणसाला जाणवते ती ही धडपड. ग्लुकागॉन, अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडली जातात. यातलं अ‍ॅड्रेनलिन तू ओळखतोस: साप दिसला की छातीत जे धडधडतं, हात कापतात, घाम फुटतो, ते त्याचं काम. साडेअकरा वाजता पुस्तकासमोर बसलेला असताना, समोर साप नाही, भांडण नाही, तरी शरीरात तेच रसायन फिरतं आहे. मग शेजारच्यानं पेन टेबलावर टकटक वाजवलं तरी अंगावर आल्यासारखं वाटतं. पार्टनरच्या साध्या बोलण्यात टोमणा ऐकू येतो. तू स्वतःला ‘चिडका झालो’ म्हणून दोष दिला आहेस. आधी जेवणाच्या वेळा बघ, मग स्वभावाला बोल.

‘दुपारी दोननंतर भूक मरते, मग काही वाटत नाही’ असंही तू लिहिलंस, आणि जरा अभिमानानं लिहिलंस असं मला वाटलं. ते सहनशक्तीचं लक्षण नाही. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं. 1999 साली जपानमधल्या संशोधकांनी ते शोधलं. नेहमीच्या जेवणाच्या वेळेला ते चढतं आणि ती वेळ टळली की आपोआप उतरतं. पोट मागायचं थांबतं, पण गरज होती तिथेच राहते. शरीर ती दुसरीकडून भागवायला लागतं: स्नायू मोडून त्यातल्या प्रथिनांपासून मेंदूसाठी साखर बनवतं. चरबी मेंदूला थेट चालत नाही आणि तिची साखरही फारशी होत नाही. दोन-तीन दिवस पूर्ण उपास घडला तर चरबीपासून बनलेली कीटोन द्रव्यं मेंदू वापरू लागतो, म्हणून माणूस लांबचे उपास सोसू शकतो. पण तुझ्यासारखं रोज थोडं खाऊन रोज कमी पडणं ही वेगळीच अवस्था आहे. त्यात शरीर पूर्ण उपाशीही नसतं आणि पोसलेलंही नसतं. ते हळूहळू खर्चच कमी करायला घेतं. थायरॉइडचं काम मंदावतं, नाडी हळू चालते, हातपाय गार पडतात. पंख्याखाली हुडहुडी का भरते, ते आता तुला कळलं असेल.

याचा सगळ्यात काळजीपूर्वक अभ्यास अमेरिकेत झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात लोक भुकेनं खंगले होते. युद्ध संपल्यावर त्यांना परत कसं सावरायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं 36 तरुण निवडले. ते युद्धात शस्त्र हाती घ्यायला तत्त्वासाठी नकार दिलेले, सेवेच्या कामावर लावलेले तरुण होते आणि या प्रयोगाला स्वेच्छेनं आले होते. तपासून घेतलेले, शरीरानं धडधाकट, मनानं खंबीर. विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांची राहण्याची सोय होती. 1945 च्या फेब्रुवारीपासून 24 आठवडे त्यांना दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी मिळतील एवढंच अन्न दिलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, युरोपातल्या भुकेल्यांच्या ताटात पडायचं तसं. शिवाय आठवड्याला 35 किलोमीटर चालणं. त्यांचं वजन चौथा हिस्सा उतरलं. नाडी मिनिटाला पस्तिसाच्या आसपास आली. ऐन उन्हाळ्यात ते गारठलेले असायचे. बसायला गादी लागायची, कारण हाडांवर मांस उरलं नव्हतं.

तुझ्या उपयोगाचं पुढंच आहे. ही माणसं चांगल्या विचारांची, जगाच्या भल्यासाठी हे कष्ट पत्करलेली. ती एकमेकांवर खेकसू लागली. ताटल्या चाटू लागली. एकच जेवण तासन् तास पुरवून खाऊ लागली. पाककृतींची पुस्तकं जमवून रात्री वाचत बसू लागली. सिनेमाला गेली तर पडद्यावर लोक काय खातात तेवढंच त्यांच्या लक्षात राहायचं. मित्र नकोसे झाले, हसणं गेलं, पुढच्या आयुष्याचे बेत गेले. आणि जवळजवळ सगळे म्हणू लागले की आपलं डोकं चालेनासं झालं, एकाग्रता गेली, समज गेली. तेव्हा त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. त्यात काहीही म्हणावी अशी घसरण दिसली नाही.

हे तू परत एकदा वाच. बुद्धी जागेवर होती. ती वापरायला लागणारं लक्ष, धीर आणि उमेद भुकेनं नेली होती, आणि त्या तरुणांना मात्र बुद्धीच गेली असं मनापासून वाटत होतं. तू ‘माझ्यात कुवत नाही’ असं लिहिलंस तेव्हा मला हेच आठवलं. तुझं रोजचं खाणं त्यांच्या प्रयोगातल्या खाण्यापेक्षा कमी आहे. तू स्वतःबद्दल काढलेला निष्कर्ष मी सध्या तरी मानायला तयार नाही.

मी हे फक्त पुस्तकात वाचलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी होते, बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाला पाझर तलावाचं काम चालू होतं. आमच्या शेजारी एक काकू होत्या, आवाज चढवून बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं अशा. कामावर सुकडी वाटायचे. बायका अर्धी खायच्या आणि अर्धी पदराच्या टोकाला गाठ मारून पोरांसाठी घरी न्यायच्या. एके दिवशी काकूंच्या जावेनं त्यांच्या गाठीतली मूठभर काढली, की त्यांना तसं वाटलं, आणि त्यांनी हातातलं घमेलं तिच्या अंगावर फेकलं. जावेच्या कपाळावर खोक पडली. सगळं काम थांबलं. काकू मातीत बसून राहिल्या, आपल्याच हाताकडे बघत. पुढचा पाऊस चांगला झाला, ज्वारी घरात आली, आणि काकू पुन्हा पूर्वीच्या काकू झाल्या. गावातली माणसं मात्र कित्येक वर्षं म्हणत राहिली, ‘दुष्काळात तिचा खरा स्वभाव कळला.’ मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पोटभर जेवणारी बाई ही खरी काकू होती. दुष्काळात दिसली ती भूक होती.

पैशाच्या काळजीचंही असंच आहे. तमिळनाडूतल्या ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी, ऊस तोडणीला जायच्या आधी हात तंग असताना आणि नंतर पैसे हाती आल्यावर, अशा दोन वेळा तपासले. हात तंग असताना विचार करण्याच्या चाचण्यांत ते कमी पडले. पैसे आल्यावर त्याच माणसांनी चांगलं केलं. तिथे कारण पोटातली भूक नव्हतं, मनावरचं ओझं होतं: कुणाचं देणं आधी, काय पुढे ढकलायचं, याच्यात डोकं गुंतून जातं. तुझ्यावर दोन्ही आहेत. खोलीचं भाडं, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीजचे पैसे, आणि या सगळ्यात वाचवायला सोपं काय, तर जेवण. कारण जेवणाची पावती कुणी मागत नाही. पण ज्या डोक्याच्या भरवशावर तू बाकीचे पैसे भरतोस, ते डोकं चालतं या एका खर्चावर. टेस्ट सिरीज एक कमी कर. डबा कमी करू नकोस.

‘आई आठवड्यातून दोन उपवास करते, तिला काही होत नाही’ हा तुझा मुद्दा मी सोडलेला नाही. आईचा उपवास कधी सुटणार हे तिला ठाऊक असतं. तो तिनं स्वतःहून धरलेला असतो, त्यामागे श्रद्धा असते, आणि दुसऱ्या दिवशी चुलीवर भात असतो. तुझ्या उपासाला पारणं नाही, तारीख नाही. मनाला जेवढी पोटातली आग जाळते, तेवढीच ही अनिश्चितता जाळते. शिवाय, खरं सांगू का, आईला ‘काही होत नाही’ हेही तपासून बघायला हवं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत निघालेलं आहे. सगळ्यांना वाढून उरलं तर खायचं, ही आपल्या घरांची रीत. थकवा, धाप, डोकं दुखणं हे बायकांना इतकं अंगवळणी पडतं की त्याला त्या आजार म्हणतच नाहीत. दिवाळीला गेलास की तिचंही हिमोग्लोबिन तपासून आण.

आता लाजेबद्दल. कुणाला कळू नये म्हणून तू ‘मी जेवून आलो’ सांगून मित्रांच्या टपरीवरच्या बैठकीतून उठतोस. बाळा, पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलांनी पूर्वी वार लावून जेवणं केली आहेत, माधुकरी मागितली आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं, तेव्हा सगळ्या जातीधर्मांची मुलं एका पंगतीला बसायची आणि पदरी पैसा नसायचा. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले. शेवटी मंगळसूत्रही त्या मुलांच्या धान्यासाठी गेलं. त्या काळात एका बाईनं मंगळसूत्र उतरवून देणं म्हणजे काय, याचा विचार कर. मुलं शिकायची असतील तर आधी ती जेवली पाहिजेत, हे त्यांना कुठल्याही प्रयोगाशिवाय कळत होतं. त्या अन्नावर शिकलेल्या मुलांनी पुढे शाळा काढल्या, गावं उभी केली. त्यांच्यापैकी कुणाला ‘तू फुकटचं जेवलास’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. म्हणून, जवळ शिवभोजन थाळीचं केंद्र चालू असेल तर बेलाशक रांगेत उभा राहा. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’सारखं काही तुला लागू होतं का, ते विचार. पार्टनरला खरं सांग. त्याचंही बहुधा तुझ्यासारखंच चाललेलं असेल, आणि दोघांत मिळून काही ना काही शिजवता येतं.

काय खायचं ते फार अवघड नाही. सकाळी नुसत्या चहावर बाहेर पडायचं नाही, हा पहिला नियम. रात्री मूठभर शेंगदाणे किंवा हरभरे भिजत घाल, सकाळी गुळाच्या खड्याबरोबर चावून खा. मूठभर शेंगदाण्यात दीडशेच्या वर कॅलरी आणि सातेक ग्रॅम प्रथिनं असतात. उकडलेलं अंडं चालत असेल तर रोज एक, त्यात सहा ग्रॅम. संध्याकाळी फुटाणे आणि केळं. बिस्किटाचा पुडा त्याच पैशात बंद करता येतो. डबा दोन वेळा पुरवायचाच असेल तर निदान दोन्ही वेळा त्यात भर घाल: दही, ताक, मोड आलेली मटकी, कांदा, लिंबू. लिंबू मुद्दाम सांगते. पालेभाजीतलं लोह त्यानं अंगी लागतं. उलट जेवणाला लागून घेतलेला चहा ते लोह अडवतो, म्हणून जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेव. चहानं भूक मारायची सवय अभ्यासिकेतल्या सगळ्याच पोरांना आहे. मिनेसोटातले तरुणही चहा-कॉफीचे कपावर कप रिचवत होते, शेवटी त्यावर मर्यादा घालावी लागली.

खायला लागलास की पहिले काही दिवस एक गोष्ट होईल, ती आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. भूक कमी होण्याऐवजी वाढेल. जेवून उठलास तरी अजून हवंसं वाटेल. त्या 36 जणांनाही खाणं वाढवल्यानंतर कित्येक आठवडे तसंच वाटत होतं, काहींचं मन तर त्याच काळात जास्त उदास होतं. ही हाव नाही. शरीर तुटलेलं भरून काढतं आहे. तरी एकदम ढीगभर खाऊ नकोस, पोट फुगेल, जुलाब होतील. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खा. फार खंगलेल्या माणसाला अचानक भरपेट घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरून हृदय बंद पडू शकतं. युद्ध संपल्यावर छळछावण्यांतून सुटलेली कित्येक माणसं पहिल्या भरपेट जेवणांनंतर दगावली. तू त्या टोकाला नाहीस, पण एखादा खरोखर हाडाचा सापळा झालेला माणूस कधी समोर आला तर त्याला ताट वाढण्याआधी दवाखान्यात ने. अधिकारी झालास तर हे उपयोगी पडेल.

सगळंच भुकेमुळे असेल असं मी छातीवर हात ठेवून म्हणत नाही. म्हणून या आठवड्यात ससूनला जा. सकाळी लवकर गेलास तर केस पेपर पटकन निघतो. डॉक्टरांना वजन किती उतरलं ते सांग, आणि हिमोग्लोबिन, बी 12, थायरॉइड आणि साखर तपासता येईल का ते विचार. तू शाकाहारी आहेस, दूधही तोडलंस. बी 12 कमी असलं तरी विसरभोळेपणा येतो, पायाला मुंग्या येतात. त्यावरचा इलाज अगदी सोपा आहे. आणि पत्रात शेवटी तू लिहिलेलं ‘कशातच अर्थ वाटत नाही’ हे वाक्य मी वाचलं आहे. जगूच नये असं मनात आलं, क्षणभर जरी आलं, तरी पहाट व्हायची वाट बघायची नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मलाही उठवायचं, संकोच करायचा नाही.

परत येण्याचं आपण महिनाभरानं बोलू. तेव्हाही तुला परतावंसं वाटलं तर मी स्वतः स्टँडवर घ्यायला येईन आणि एका शब्दानं विचारणार नाही. तोवर दुसऱ्या वेळच्या डब्याचे पैसे मी मेसवाल्या मावशींना परस्पर पाठवते आहे, त्यांचा नंबर तुझ्या आईकडून घेतला. बाकी तिला मी काही सांगितलेलं नाही. ते तूच सांग, आणि लवकर सांग. रिपोर्ट आले की फोटो काढून पाठव.

तुझी,
मॅडम